नावेत पोरं बसणार कुठे?

चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर हिवाळ्यातली सकाळ होती. देवळाकडून घंटेचा आवाज येत होता, पाण्यावरून धुकं उठत होतं. एका कुटुंबाने खोक्यातून पिवळी हवेची बोट काढली आणि पायाच्या पंपाने फुगवली. खोक्यावर चार हसऱ्या माणसांचं चित्र होतं. वडील पुढे बसले, आई मागे, थोरला मधे शिरला. काठावर राहिलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, “पप्पा, मी कुठे बसू?” “बस ना कुठंबी, एवढी जागा आहे!” ती फुगलेल्या कडेवर बसली, पाय आत आणि पाठ पाण्याकडे. वाईट काही झालं नाही. पाणी शांत होतं, बोट काठाच्या फार पुढे गेली नाही, ऊन चढायच्या आत सगळे हसतखेळत परतले. तरी तो प्रश्न मनाला टोचत राहिला, कारण त्याचं उत्तर काठावर शोधायचं नसतं. बोटीचे पैसे मोजण्याआधी ते तयार हवं.

बोट घेणारे सहसा तीनच गोष्टी विचारतात: केवढ्याला, किती जणांची आणि गाडीत मावेल का. “किती जणांची” याचं दुकानातलं उत्तर फारसं कामाचं नाही. खोक्यावरचा आकडा पाहण्यापेक्षा वजनाची बेरीज करावी. वडील ७५ किलो, आई ६०, आठ वर्षांचा मुलगा २५, पाच वर्षांची मुलगी १८, एकूण १७८. प्यायचं सहा लिटर पाणी म्हणजे सहा किलो. भाकरी-भरिताचा डबा, केळी, कोरडे कपडे, चार लाईफ जॅकेटं मिळून आणखी सात-आठ. बेरीज १९० च्या पुढे जाते. बोटीवर छापलेली मर्यादा ही ती बुडायच्या बेताला येते ते वजन समजावी, आणि मुलं सोबत असताना त्या मर्यादेच्या दोन-तृतीयांशापुढे जाऊ नये. म्हणजे या चौघांना २८५-२९० किलोची बोट लागते. बाजारात सहज मिळणाऱ्या दोनजणी हवेच्या कयाकवर (कयाक म्हणजे दुतोंडी वल्ह्याने चालवायची अरुंद नाव) १८० च्या आसपासचा आकडा असतो. तिच्यात हे कुटुंब बसेल, फोटोही छान येईल, पण कड पाण्यापासून चार बोटांवर राहील. सामानसुमान भरल्यावर कड पाण्यावर निदान सहा इंच राहिली पाहिजे. हे मोजायला टेप पुरतो, आणि प्रत्येक खेपेला मोजावं.

वजनानंतर रुंदी. पाण्यावर डुगडुगणं मुख्यतः रुंदीवर ठरतं आणि ते सरळ प्रमाणात बदलत नाही. लांबी आणि आकार तोच ठेवला तर बोटीचा सुरुवातीचा ताठपणा, म्हणजे कलायला होणारा विरोध, रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. ३० इंचांची बोट ३४ इंचांची झाली की तो जवळजवळ दीडपट होतो. चार इंचांत एवढा फरक पडतो म्हणून मुलांसाठीची बोट ३३-३४ इंचांहून अरुंद नको. तळाचा आकारही पाहावा. परातीसारखा सपाट तळ शांत पाण्यात अगदी घट्ट वाटतो, मूल उभं राहिलं तरी फारसा हलत नाही. पण बोट एका मर्यादेपलीकडे कलली की तो अचानक उलटतो. किंचित गोलाई असलेला तळ आधी थोडा हलतो आणि कलल्यावर सावरून धरतो. धरणाच्या फुगवट्यात नाव फिरवणाऱ्या कुटुंबाला सपाटाकडे झुकणारा, कडांना थोडी गोलाई असलेला तळ चांगला. रुंदीइतकंच बसण्याच्या उंचीला महत्त्व आहे. मुलाला उंच डब्यावर बसवलं की सगळ्या नावेचा तोल वर सरकतो, म्हणून त्याने तळाशी, जाड फोमच्या तुकड्यावर बसावं. पाण्यात हात घालायला त्याला वाकावं लागेल, तेव्हा दुसऱ्याला उलट बाजूला झुकायला शिकवा. दोन्ही पोरं एकाच बाजूला मासे बघायला धावतात हे गृहीत धरूनच बोट निवडावी.

मोठ्यांच्या नजरेतून सगळ्यात देखणी म्हणजे पाय आत घालून बसायची बंद कयाक. लहान मुलांसाठी ती पहिल्यांदा यादीतून काढावी. पोराला मांडीत घेऊन त्या भोकात बसणं धोक्याचं आहे. बोट उलटली की मोठ्या माणसाचे पाय आणि मूल एकाच वेळी त्याच तोंडातून बाहेर यायला बघतात. बाहेर आल्यावरही बोट पाण्याने भरते आणि नदीच्या मधोमध ती रिकामी करणं जमत नाही.

उरतात तीन: वर बसायची कयाक, उघडी कनू (दोन्ही टोकांना निमुळती, एकतोंडी वल्ह्याची नाव) आणि हवेची बोट.

वर बसायच्या कयाकचं अंग बंद पोकळीचं असतं, बैठक वर आणि अंगातून आरपार भोकं. आत आलेलं पाणी त्या भोकांतून खाली निघून जातं. छतावरची काळी पाण्याची टाकी ज्या पद्धतीने बनते त्याच पद्धतीने ही बनते: प्लास्टिकची पूड साच्यात घालून तो तापवत फिरवायचा. त्यामुळे तापीतल्या काळ्या दगडावर घासली तर ओरखडा उठतो, तडा सहसा जात नाही. दोनजणी कयाक बारा फुटांच्या आसपास, ३४ इंच रुंद, तीस ते पस्तीस किलोची आणि दोन बैठकांच्या मधे छोट्यासाठी खाच असलेली मिळते. हिची खरी किंमत पडल्यावर कळते. माणूस पाण्यात गेला तर तो बाजूने कड धरतो, पाय मारून अंग आडवं करतो, पोटावर चढतो, मग पाठीवर वळून बसतो. शिकायला अर्धा तास पुरे. मुलाला आधी वर ढकलायचं, मागून आपण. वाईट बाजूही आहे: बूड ओलंच राहतं. जानेवारीतल्या धुळ्या-नंदुरबारच्या सकाळी ओल्या चड्डीतलं पोर पंधरा मिनिटांत कुडकुडतं आणि नदी त्याच्या मनातून कायमची उतरते. बैठकीखाली जाड फोम, लोकरीचा अंगरखा आणि कोरड्या कपड्यांची तोंडबंद पिशवी हा या बोटीचाच भाग समजावा.

कनू मुलांना मनापासून आवडते. सोळा-सतरा फूट लांब, तीन फूट रुंद आणि उघडी. पोरांना पाय पसरता येतात, डबा उघडता येतो आणि झोप आली की मधे गोधडी टाकून निजताही येतं. मुलं नावेत हमखास झोपतात, वल्ह्याच्या संथ लयीला बळी पडतात. दोघं मोठे दोन टोकांना, मुलं मधे, आणि सगळ्यात धाकटं मागच्या माणसाच्या अगदी पुढे, हात पोचेल आणि नजर राहील असं. कित्येक कनूंमधे मधोमध आडवी दांडी असते. ती मागे-पुढे सरकवता येते का हे विकत घेताना पाहावं, नाहीतर मुलांची जागा तीच खाते. तीन थरांच्या प्लास्टिकची कनू ३५ किलोच्या पुढे भरते. आपल्याकडे शर्यतीची अरुंद कनू दिसते, तिचा कुटुंबाला काही उपयोग नाही. फायबरची कनू हलकी मिळेल, पण बेसाल्टच्या कपारीवर आदळली तर तडकते. कनूचं दुखणं म्हणजे पाणी भरलं की शेकडो लिटर भरतं, म्हणजे शेकडो किलो, आणि दोन माणसांना ती मधल्या पाण्यात उलटी करून रिकामी करणं मुलं सांभाळत जमत नाही. दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या बांधल्या तर आत शिरणारं पाणी कमी होतं. कनू घेतली तर काठापासून वीस-पंचवीस मीटरच्या आतच राहायचं.

हवेच्या बोटीबद्दल लोक एकतर फार चांगलं बोलतात किंवा फार वाईट. जळगावच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि छोट्या गाडीच्या डिकीत बोट मावली पाहिजे अशा माणसाला दुसरा पर्याय जवळपास नाहीच, आणि त्यात गैर काही नाही. फक्त वेगवेगळे तीन हवेचे कप्पे आहेत का ते बघा: दोन कडा आणि एक तळ. एक फुटला तरी बाकीचे दोन काठापर्यंत नेतात. बाहेरून ३६ इंच रुंद दिसणारी बोट आतून सोळा-सतरा इंच निघते, कारण दोन्ही बाजूंच्या नळकांड्याच जागा खातात. चांगदेवच्या मुलीला म्हणूनच कडेवर बसावं लागलं. आणखी एक: या बोटी बाभळीच्या मुलखासाठी बनलेल्या नसतात. तापीकाठच्या घळींत वेडी बाभूळ माजलीय, तिचे काटे वाळूत आडवे पडून असतात आणि चपलेतूनही घुसतात. फुगवण्याआधी जाड ताडपत्री अंथरावी, ओढत न नेता उचलून न्यावी. पंक्चर शोधायला साबणाचं पाणी, चिकटवण्याआधी स्पिरिटने पुसणं आणि ठिगळ लावल्यावर चोवीस तास धीर, एवढी तयारी घरीच हवी. नदीवर ठिगळ लावून लगेच पोरं बसवू नयेत.

खान्देशच्या उन्हाने हवेच्या बोटी फुटतात हे मात्र शब्दशः खरं आहे, आणि त्यामागचा हिशोब शिकण्यासारखा आहे. सकाळी २० अंशांत तुम्ही एक पीएसआयपर्यंत हवा भरली. काट्यावर दिसतो तो फक्त वरचा दाब. त्याखाली वातावरणाचे १४.७ असतातच, म्हणजे आत एकूण १५.७. दुपारी काठावर उन्हात पडलेली बोट ५० अंशांपर्यंत तापली की एकूण दाब दहा टक्क्यांनी वाढतो आणि काटा एकावरून अडीचच्या पुढे जातो. पीव्हीसी ताणून त्यातलं थोडं सोसतं, शिवण सोसत नाही. धाग्यांनी आतून बांधलेला कडक तळ तर ताणतच नाही. तिथे आठाचे दहाच्या वर होतात. म्हणून डबा खायला उतरलात की आधी हवा सोडा, मग डबा उघडा. उलटंही घडतं. काठावरच्या ३५ अंशांच्या उन्हात फुगवलेली बोट २२ अंशांच्या पाण्यात टाकली की एकाचा दाब एक-तृतीयांशावर येतो आणि माणसं गळतीच्या शोधात घाबरतात. पाण्यात पाच मिनिटं ठेवून पुन्हा पंप मारायचा, मग पोरं चढवायची.

बोटीची निवड तिला पाण्यापर्यंत नेण्यावरही ठरते, आणि इथे खान्देश आपले नियम लावतो. तापीचे काठ उंच आहेत, काळ्या मातीत कापलेल्या घळी आहेत. तीस-पस्तीस किलोचं धूड दोघांनी त्या पायवाटेने उतरवायचं आणि दोन पोरं त्याच वेळी सांभाळायची हे कागदावर सोपं वाटतं. छोट्या चाकांची ट्रॉली काळ्या मातीत दहा पावलांत रुतते. चार मीटरच्या गाडीच्या छतावर सोळा फुटी कनू पुढे-मागे बाहेर येते, तेव्हा पट्ट्यांखेरीज पुढचं आणि मागचं टोकही बंपरखालच्या हुकाला बांधायला लागतं. छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात असतं. पट्टा कचकचून आवळला आणि उन्हात दोन तास प्रवास केला तर प्लास्टिकच्या तळाला खळगा पडतो. घाबरू नका, सैल करून पालथी उन्हात ठेवली की बहुतेकदा परत फुगतो. उन्हाचा एवढा एकच उपयोग. एरवी मे महिन्यात गच्चीवर ठेवलेली बोट हळूहळू ठिसूळ होते, आणि गोदामात घडी घातलेल्या हवेच्या बोटीवर उंदीर तुटून पडतात.

मग नदी कुठली? सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बॅरेजमागे पाणी अडलेलं असतं तेव्हा तापी मैलोगणती जवळजवळ तळ्यासारखी असते. हतनूरच्या मागेही तसंच, फक्त तिथे जलपर्णीचे पट्टे येतात. रुंद कनू त्यांत अडकते आणि मुलांना वल्हं उचलवत नाही. उतरायच्या जागी गाळ पाहावा. फुगवट्याची पातळी उतरली की मऊ काळा चिखल उघडा पडतो आणि पोराचा पाय गुडघ्यापर्यंत जातो, म्हणून घाटाच्या पायऱ्या किंवा उघडा खडक असेल तिथेच चढ-उतर करावी. जिथे वाळू उपसलीय तिथे घोटाभर पाण्यातलं पुढचं पाऊल एकदम डोहात पडतं; गिरणेकाठच्या लोकांना हे सांगायला नको. शेतीच्या मोटारींचे पाईप, त्यांच्या फूटव्हॉल्व्हची जागा आणि काठावरून पाण्यात गेलेल्या विजेच्या केबली दुरूनच ओळखाव्यात, आणि तिथे थांबून काठ पकडू नये. भोई बांधवांची जाळी कुठे आहेत हे थर्माकोलच्या तुकड्यांवरून कळतं, तरी आधी विचारलेलं बरं. त्या डोहाबद्दल त्यांच्याइतकी माहिती कोणाला नाही.

धरणाच्या दरवाज्यांखाली मुलांना घेऊन जाऊच नये. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि ते उघडायची वेळ आपल्या सहलीकडे बघून ठरत नाही. गिरणा धरणातून जामदा बंधाऱ्याकडे आवर्तन सुटतं तेव्हा सकाळी वाळवंट असलेलं पात्र दुपारी वाहतं, म्हणून निघण्याआधी पाटबंधारेच्या माणसाला किंवा नदीकाठच्या गावात फोन करावा. सगळ्यात फसवा प्रकार कोल्हापुरी बंधाऱ्याचा. पांझरेवर, गिरणेवर ते गावोगाव आहेत. चार-सहा फुटांवरून पाणी पडताना फार निरुपद्रवी दिसतं. पण पडलेलं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे उलटं वळतं आणि जे आत सापडेल ते तिथेच घोळवत ठेवतं. जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही. बंधाऱ्याच्या खांबांमधल्या फळ्या काढलेल्या असल्या तर वरच्या बाजूने आलेल्या बोटीला प्रवाह खांबांवर आडवी दाबतो. बंधारा दिसला की शंभर मीटर आधी काठाला लागायचं, हे मुलांच्याही तोंडी पाठ हवं.

वाऱ्याचा विचार बोटीच्या लांबीसाठी करावा लागतो. तापी पश्चिमेला वाहते आणि उन्हाळा तापू लागला की दुपारचा वारा पश्चिमेकडूनच येतो, म्हणजे धारेबरोबर जाताना तो तोंडावर येतो. उंच कडांची, हलकी हवेची बोट अशा वेळी जागच्या जागी गरगर फिरते. तळाला मागे लावायचा, माशाच्या परासारखा छोटा पंख त्या बोटीसोबत मिळतो का, तो नक्की बघा. त्याच्याशिवाय सरळ रेषा धरणं मुलांसोबत फार दमवतं. सामान्यपणे मागची बाजू किंचित जड ठेवावी, समोरून वारा असेल तर थोडं वजन पुढे सरकवावं. आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि दमलेल्या पोरांना घेऊन परतताना वारा पाठीशी असावा. बाकी ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारी, तेही सकाळी. पावसाळ्याचा विचार करू नये.

जॅकेटचे पैसे बोटीच्या बजेटमधून आधीच बाजूला काढावेत. बाजारात नारंगी कापडात फोम शिवून काहीही विकलं जातं. पन्नास न्यूटनचं म्हणजे साधारण पाच किलोची उचल देणारं साधन पोहता येणाऱ्यांसाठी असतं. लहान मुलाला १०० न्यूटनच्या वर्गातलं, आयएसओ १२४०२-४ असा शिक्का असलेलं, मानेमागे कॉलर, पायांतून पट्टा आणि उचलायला मागे मूठ असलेलं हवं. त्याची कॉलर तोंड वर ठेवायला मदत करते. माप वयावर न जाता वजनावर आणि छातीवर घ्यावं. “पुढच्या वर्षीही होईल” म्हणून मोठं घेऊ नये. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून मुलाला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यातही तसंच सरकणार, आणि मूल खाली राहणार. ज्या मापाचं जॅकेट मिळत नाही एवढ्या लहान बाळाला नावेत न्यायचंच नाही. आणि काहीही झालं तरी मुलाला बोटीला बांधू नये, मोकळी दोरी त्याच्या आसपास ठेवू नये.

इतकं सगळं मांडल्यावर एक स्पष्ट मत. दोन मोठे आणि दोन लहान अशा खान्देशी कुटुंबाने चौघांची एक बोट शोधण्याऐवजी वर बसायच्या दोन दोनजणी कयाक घ्याव्यात, नव्या परवडल्या नाहीत तर जुन्या. प्रत्येकीत एक मोठं, एक लहान. ७५ आणि २५ किलोला सामानाचे दहा धरले तर ११०, म्हणजे २३० च्या बोटीच्या निम्म्याहून कमी. एक उलटली तर दुसरी शेजारी असते, आणि एका बोटीतल्या भांडणाचे आवाज दुसरीपर्यंत पोचत नाहीत. पैसे जास्त जातात हे खरं. दोन मित्रांची कुटुंबं मिळून विकत घेतात तेव्हा तेही हलकं होतं. जुनी घेताना आरपार भोकांच्या आतल्या काठाला तडे असतात का ते पाहावं, ट्रॉलीचे खुंट तिथेच टेकतात. निचऱ्याच्या बुचातून बादलीभर पाणी आत ओतून बोट हलवा, खाली कुठून ठिपकतं ते लगेच कळतं. हवेची जुनी बोट रात्रभर फुगवून ठेवा, पण संध्याकाळ आणि पहाट यांच्या तापमानातला फरक गळतीच्या नावावर मांडू नका.

विकत घेण्याआधी मित्राची किंवा भाड्याची बोट एकदा कमरेएवढ्या पाण्यात नेऊन पोरांना तिच्यात उभं करा, दोघांना एका बाजूला झुकवा, आणि मुलांना काठावर ठेवून मोठ्यांनी ती मुद्दाम उलटी करून पुन्हा चढून दाखवा. पोरांना हा खेळ फार आवडतो आणि भीती त्यांच्या मनात शिरण्याआधी पाण्यात सांडते. वल्हंही त्यांचंच हवं. ३४ इंच रुंद कयाकवर मोठ्यांना २४० सेंटिमीटरचं दुतोंडी वल्हं लागतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तसं दिलं तर ते शेजाऱ्याच्या डोक्यात बसतं. त्याला हलकं, एकतोंडी, एक मीटरच्या आसपासचं द्यावं. त्याने बोट पुढे जात नाही, आणि जायला पाहिजे असंही नाही. मुलगा दहा-अकराचा आणि पस्तीस किलोचा झाला की मधली खाच त्याला पुरत नाही. त्यासाठी बैठका पुढे-मागे सरकवायच्या खाचा तळात आधीपासून असलेलीच बोट घ्या, म्हणजे पुढची बैठक त्याला देऊन मागून त्याच्या वल्ह्याशी लय जुळवता येईल.